कुमारांच्या स्वरचित बंदिशी : न झालेल्या समीक्षेची पार्श्वभूमी

‘अनूपरागविलास’ हा कुमार गंधर्वांच्या स्वरचित बंदिशींचा, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांचा, संग्रह १९६५ साली आला. मध्य प्रदेशातल्या देवासचा मुक्काम, क्षय, त्यावरचं स्ट्रेप्टोमायसिन हे औषध, पुन्हा सुरू झालेलं गाणं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. शब्द स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायची आणि गायचंही स्वतः, असं करणाऱ्या कुमार गंधर्वांच्या आवाजावर आणि बंडखोरीवर मराठीत रकाने भरले. रचनांवर मात्र फार थोडं लिहिलं गेलं.

समीक्षेचं घोडं अडलं ते धुनउगम, म्हणजे लोकधुनेतून उगवलेल्या, रागांपाशी. मालव्यातल्या बायका लग्नात, सणावारी जी गाणी म्हणतात त्यांची धाव बहुधा चार-पाच सुरांचीच. कुमारांनी त्यातलं चलन (सुरांची चाल) आणि न्यासाच्या, म्हणजे सूर विसावण्याच्या, जागा हेरल्या, सप्तकभर विस्तार केला आणि त्यात ख्याल बांधले. मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, मधसुरजा हे राग असे आले. आक्षेप असा, की पिढ्यान् पिढ्या न घोटलेल्या सुरावटीला राग म्हणायचं कुणी ठरवलं? त्यावर समर्थक विचारत, मग मांड, पहाडी, पिलू कुठून आले? हे उत्तर अर्धंच आहे. त्या रागांना ठुमरी-दादऱ्याच्या उपशास्त्रीय पंगतीत जागा मिळाली होती. कुमारांनी लोकधुनेला थेट ख्यालाच्या पाटावर बसवलं. खरं खुपलं ते हे. राग आपण केले नाहीत, ते धुनेतच होते, ही त्यांची भूमिका अनेकांना चलाखीची वाटली. मला ती प्रामाणिक वाटते. लगनगांधारातले दोन्ही गंधार कागदावर गणित मांडून सुचणारे नव्हेत.

इंदूरच्या रसिकांची अडचण वेगळी होती. देवास तासाभरावर, मालवी बोली रोजच्या कानावरची, त्यामुळे पुण्या-मुंबईकडच्या श्रोत्यांना अडणारे शब्द इथे अडत नव्हते. पण इथला जाणता कान पोसलेला अतिविलंबित, म्हणजे फार संथ लयीतल्या, झुमरा तालावर. त्याला कुमारांची मध्यलय आणि तुटक, टोकदार फेक मानवायला वेळ लागला. एक फुफ्फुस निकामी, म्हणून तालाची आवर्तनं छोटी, असा सोपा निकाल लागला आणि शब्द कुठे टाकलाय हे बघायचं राहून गेलं. मधसुरजातली बंदिश म्हणजे बळी द्यायला नेलेल्या बकरीची विनवणी. घरी तिचं पिल्लू एकटं आहे. ख्यालात असा विषय त्याआधी कुणी आणला होता? सासू-नणंदेच्या तक्रारींना सरावलेल्या समीक्षेनं एवढी तरी नोंद घ्यायला हवी होती.

ख्यालाचे अनेक बंदिशकार स्वतः गायकही होते, त्यामुळे नुसतं स्वरचित गाणं ही काही नवलाई नव्हती.

१९९२ मध्ये कुमार गेले. पुढे ‘अनूपरागविलास’चा दुसरा भागही छापला गेला. ध्वनिमुद्रणं आधी कॅसेटवर, मग मोबाईलवर आली. सर्वाधिक ऐकली गेली ती निर्गुणी भजनं. २०२३-२४च्या जन्मशताब्दीतही फर्माईश त्यांचीच जास्त. नवे गायक आता धुनउगम राग मैफलीत मांडू लागले आहेत. नोटेशन छापील असलं तरी शब्दाची फेक त्यातून हाती लागत नाही, म्हणून बंदिश ध्वनिमुद्रण ऐकूनच बसवावी लागते.