सिगरेट सोडल्यावर कशातच मजा येत नाही: विथड्रॉवल की डिप्रेशन?

सिगरेट सोडून तीन-चार दिवस झालेत, आवडतं गाणं लावलं तरी काही वाटत नाही, मित्र खिदळतायत आणि आपण नुसते बसलोय, अशा वेळी बऱ्याच जणांना धसका बसतो की आपल्याला डिप्रेशन तर आलं नाही ना. वरून डिप्रेशन आणि विथड्रॉवल, म्हणजे सवयीचं निकोटिन बंद झाल्यावर होणारा त्रास, दोन्ही सेमच दिसतं.

विथड्रॉवलमध्ये होतं असं की निकोटिन धुरातून काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि डोपामीन (आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन) सोडायला लावतं, हे बहुतेकांना माहीत असतं, पण ते आजूबाजूच्या छोट्या सुखांनाही जोर देतं हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणजे कॉफी, गप्पा, गाणी हे सगळं त्याच्यामुळे जरा जास्तच छान वाटत असतं. मेंदूला त्याची सवय लागते, निकोटिन जिथे जाऊन चिकटतं त्या जागा (रिसेप्टर) वाढतात, आणि सोडलं की तो जोर एकदम जातो. 1998 मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात निकोटिन बंद केल्यावर मेंदूतला आनंदाचा भाग चेतवायला आधीपेक्षा जास्त करंट लागला होता, आणि हे काही दिवस टिकलं. त्यामुळे गाणं फिकं वाटणं हे मनाचे खेळ नाहीत, प्लीज स्वतःला दोष देऊ नका. हा त्रास पहिल्या दिवशीच सुरू होतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि 2 ते 4 आठवड्यांत ओसरत जातो, सोबत चिडचिड, वाढलेली भूक आणि तलब असतेच.

डिप्रेशनला सोडल्याची तारीख लागत नाही. ते दिवसेंदिवस उतरायच्या ऐवजी ठाण मांडून बसतं, आणि त्यात 'मी कुचकामी आहे', 'माझंच चुकलं', मरणाचे विचार असं काहीतरी येतं. असे विचार आले तर आठवडे मोजत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. आधी कधी डिप्रेशन झालेलं असेल तर सोडायच्या आधीच त्यांच्याशी बोललेलं बरं.

खरा घोळ होतो तो एक सिगरेट ओढून बघितल्यावर. पाच मिनिटांत बरं वाटतं आणि माणूस म्हणतो, बघ, हिच्याशिवाय मी खूश राहूच शकत नाही, पण ती फक्त तिनेच लावलेली तलब भागवते. 2014 मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात सोडलेल्यांची उदासी आणि चिंता न सोडलेल्यांपेक्षा कमी झालेली दिसली.

डॉक्टरांना सोडल्याची तारीख सांगा आणि चालू गोळ्याही सांगा, कारण धुरामुळे काही औषधं शरीरातून लवकर निघून जातात आणि सोडल्यावर त्यांचा डोस कमी करावा लागू शकतो.