डॉटर्स ऑफ चॅरिटी

गरिबांची आणि रुग्णांची त्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या कॅथलिक भगिनींचा संघ. व्हिन्सेंट द पॉल हे धर्मगुरू आणि लुईज द मारियाक ही विधवा स्त्री यांनी तो २९ नोव्हेंबर १६३३ रोजी पॅरिसमध्ये स्थापन केला.

त्याआधी पॅरिसमधील खानदानी स्त्रियांनी आजाऱ्यांना अन्न पोचवण्याचे काम अंगावर घेतले होते. पण पुष्कळ जणी स्वतः न जाता मोलकरणींना धाडत. हे काम मनापासून केले ते खेड्यातल्या मुलींनी. स्यूरेन गावची मार्गरित नासो ही त्यांतली पहिली. गुरे राखता राखता, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अक्षरे विचारून ती वाचायला शिकली आणि मग इतर मुलींना शिकवू लागली. प्लेग झालेल्या एका बाईला तिने आपल्या अंथरुणात जागा दिली आणि १६३३ मध्ये त्याच रोगाने ती गेली. संघ स्थापन झालेला तिने पाहिला नाही, तरी त्याचा खरा आरंभ तिच्यापासूनच मानायला हवा.

व्रतस्थ स्त्रीने मठाबाहेर पडू नये, हा चर्चचा दंडक ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर (सोळाव्या शतकातली कॅथलिक चर्चची मोठी सभा) फार कडक झाला होता. १६१० मध्ये आनसी येथे निघालेल्या व्हिजिटेशन संघाच्या भगिनी रुग्णांच्या घरी जात. १६१८ मध्ये त्यांनाही मठाच्या भिंतीआड जावे लागले. हे ध्यानात ठेवून व्हिन्सेंट यांनी आपल्या भगिनींना ‘नन’, म्हणजे मठातच राहणारी व्रतस्थ स्त्री, म्हणवूनच घेऊ दिले नाही. आजाऱ्यांची घरे हाच त्यांचा मठ, भाड्याची खोली हीच कोठडी आणि शहरातले रस्ते हेच मठाचे आवार, असे ते सांगत. प्रार्थना चालू असताना एखादा गरीब औषधासाठी आला, तर प्रार्थना सोडून उठायचे. देवाला सोडून देवाकडेच जाणे ते, अशी त्यांची शिकवण होती. चारशे वर्षांपूर्वी हे म्हणायला मोठे धैर्य लागले असणार.

व्रतेही आजन्म नसतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन आणि गरिबांची सेवा ही चार व्रते एका वर्षापुरती घेतात आणि दरवर्षी नव्याने. लुईज यांनी चार भगिनींसह पहिल्यांदा व्रते घेतली २५ मार्च १६४२ रोजी.

टाकून दिलेली अर्भके, गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेले कैदी, जखमी सैनिक असे कामाचे क्षेत्र वाढत गेले. १६५२ मध्ये काही भगिनी पोलंडला गेल्या. फ्रेंच राज्यक्रांतीत संघ विसर्जित झाला, पण १९व्या शतकाच्या आरंभी पुन्हा उभा राहिला. पॅरिसच्या मुफतार या दरिद्री वस्तीत रोझाली रांदू (१७८६–१८५६) या संघातल्या भगिनीने पन्नासहून अधिक वर्षे काढली. १८३२च्या कॉलऱ्यात त्या घरोघर फिरल्या. १८३३ मध्ये गरिबांच्या भेटीसाठी मंडळ काढणाऱ्या फ्रेदेरिक ओझानाम आणि त्यांच्या विद्यार्थी मित्रांना कोणत्या घरी जायचे, तिथे कसे वागायचे, हे रोझाली यांनीच शिकवले.

खेडवळ बायकांच्या शिरोवस्त्रावरून आलेली, पंखांसारखी पसरट पांढरी टोपी ही या भगिनींची जगभरातली ओळख होती. २० सप्टेंबर १९६४ रोजी त्यांनी ती उतरवून साधा वेष घेतला.