बॉस्टनमध्ये लहान नंबर उरले चौदाच

एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये जर्सीवर 0, 00 आणि 1 ते 99 असे एकूण 101 नंबर चालतात. एखाद्या थोर खेळाडूचा नंबर संघाने निवृत्त केला की त्या नंबरची पताका स्टेडियमच्या छताला लागते आणि ती जर्सी पुढे कुणाला मिळत नाही. यात सगळ्यांत पुढे आहे बॉस्टन सेल्टिक्स. मार्च 2022 मध्ये केविन गार्नेटचा 5 नंबर छताला लागला आणि त्यांचे बंद नंबर 23 झाले. त्यातले 1 आणि 2 तर खेळाडूंचेही नाहीत. 1 संस्थापक-मालक वॉल्टर ब्राऊन यांचा, 2 प्रशिक्षक रेड ऑअरबाख यांचा.

मग नंबर संपणार का? 101 मधून 23 गेले, राहिले 78. संघात 15 नियमित आणि 3 टू-वे करारावरचे (मुख्य संघ आणि त्याचा दुय्यम लीगमधला संघ, दोन्हीकडे खेळणारे), असे 18 खेळाडू. हंगामापूर्वीच्या सराव शिबिरात फार तर 21. म्हणजे 57 नंबर शिल्लक. 1946 पासून सेल्टिक्सने दशकाला सरासरी तीन नंबर बंद केले आहेत. याच वेगाने गेले तर जवळपास दोन शतकं अडचण नाही.

पण सेल्टिक्सचे बंद झालेले सगळे नंबर 35 किंवा त्याखालचे आहेत. 00 धरून 35 पर्यंत नंबर होतात 37. त्यातले उरले 14. अठरा जणांचा संघ त्यात मावत नाही. 2024 चं विजेतेपद मिळवणारी सेल्टिक्सची नेहमीची पहिली पाच पाहा: टेटम 0, हॉलिडे 4, जेलन ब्राऊन 7, पोर्झिंगिस 8, व्हाइट 9. बॉस्टनमध्ये एकअंकी मोकळे नंबर एवढेच होते, आणि ते पाचही अंगावर चढले होते. टेटम आणि ब्राऊनच्या पताका लागल्या, की उरतील तीन.

नंबर असे खाली का दाटतात? अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलमध्ये 2022-23 च्या हंगामापर्यंत जर्सीवर 0 ते 5 हेच अंक चालत. फाउल झाला की रेफरी बोटांनी नंबर दाखवतो, आणि एका हाताला बोटं पाच. त्यामुळे कॉलेजात नंबर 37 च: 0, 00, 1 ते 5, 10 ते 15, असं करत 55 पर्यंत. खेळाडू कॉलेजातला आवडता नंबर घेऊन एनबीएत येतो. आता कॉलेजात 99 पर्यंत मुभा आहे, त्यामुळे येत्या काही वर्षांत 67 किंवा 88 मागणारी मुलं येतील आणि खालचा भार हलका होईल, असं मला वाटतं. तीन अंकी नंबर हा मात्र उपाय नाही. रेफरीला तीनदा हात दाखवावा लागेल, आणि पाठीवर अंक बारीक होतील.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट पॅरिशचा 00 बंद आहे, टेटमचा 0 चालू आहे. आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबर संख्या म्हणून साठवला, तर 00 चा 0 होतो आणि दोघांच्या नोंदी एकमेकांत मिसळण्याचा धोका राहतो. म्हणून जर्सी नंबर मजकूर म्हणूनच साठवायला हवा.

ऑगस्ट 2022 मध्ये सेल्टिक्सच्या बिल रसेलचा 6 संपूर्ण लीगमध्ये बंद झाला. तेव्हा जे तो घालत होते त्यांना मुभा राहिली. लेब्रॉन जेम्स त्यांतलाच. पुढे तो आपणहून 23 वर परतला. रसेलने 13 हंगामांत 11 विजेतेपदं मिळवली, त्याच्या बाबतीत हे शोभतं. पण असा निर्णय एका फटक्यात तीसही संघांचा एक नंबर काढून घेतो, म्हणून तो क्वचितच व्हावा.

त्यापेक्षा ज्याचा नंबर बंद आहे त्याच्या परवानगीची वाट बरी. फिनिक्समध्ये अल्वन अ‍ॅडम्सने होकार दिल्यावर ग्रँट हिलला 33 मिळाला. फिलाडेल्फियात बिली कनिंगहॅमचा 32 चार्ल्स बार्कलीने 1991-92 मध्ये घातला, मॅजिक जॉन्सनच्या सन्मानासाठी.

याहून मोठं मन जिम लोस्कटॉफचं. आपला 18 पुढच्या कुणाला तरी घालता यावा, असं त्याने सेल्टिक्सला सांगितलं. म्हणून छताला नंबराऐवजी त्याचं टोपणनाव लागलं, ‘लोस्की’. पुढे तो 18 डेव्ह कावेन्सने घातला, आणि आता तोही पताकेवर आहे.