सुलतानाची भूमी, गावाची शेती: योग्यकर्त्याच्या खेड्यांमधल्या जमिनीची पार्श्वभूमी

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या योग्यकर्ता प्रांतात, बांतुलकडच्या खेड्यात ‘ही जमीन कोणाची?’ असं विचारलं, तर बांध ओलांडला की उत्तर बदलतं. अलीकडची भातखाचरं एका कुटुंबाच्या मालकीची, सरकारी प्रमाणपत्रासकट. पलीकडची गावच्या एका कारभाऱ्याला पगारापोटी मिळालेली, पण राबणारा तिसराच, अर्ध्या वाट्यानं. त्यापुढचा तुकडा गावाच्या खजिन्याचा, ऊस लावायला भाड्यानं दिलेला. आणि नदीकाठी जिथे दोन-चार घरं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, ती जमीन ‘सुलतान ग्राउंड’. घर त्यांचं, खालची माती राजघराण्याची. अशा रहिवाशाला ‘मागेरसारी’ म्हणतात आणि त्याच्याकडे असलाच तर राजवाड्याचा परवाना असतो, मालकीचा कागद नसतो.

इंडोनेशियात इतरत्रही गावकामगारांना जमिनी असतात, त्यांना ‘बेंगकोक’ म्हणतात. योग्यकर्त्यात मात्र गावच्या जमिनीचे वेगवेगळे कप्पे आहेत आणि त्यांची नावंही बोलकी आहेत. सेवेत असलेल्याची जमीन ‘पेलुंगुह’, मूळ शब्द लुंगुह, म्हणजे बसणं. निवृत्त झालेल्याची ‘पेंगारेम-आरेम’, म्हातारपणी जिवाला निवांतपणा मिळावा म्हणून. उरलेली ‘कास देसा’, म्हणजे गावाची तिजोरी. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाची आठवण होते. फरक एवढाच, की आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर वतनं कायद्यानं गेली, तिथे ती नव्या नावानिशी टिकली.

जुना इतिहास थोडक्यात. 1755 च्या करारानं जावातलं मातारामचं जुनं राज्य फुटलं आणि योग्यकर्त्याचं राज्य निघालं. डच सत्तेच्या मधे आलेल्या इंग्रजांच्या अमदानीत त्यातूनच धाकटं राजघराणं वेगळं झालं. राजा सरदार-नातलगांना जहागिऱ्या द्यायचा. सरदार राहायचा राजवाड्याच्या आसपास आणि वसुलीला ठेवायचा ‘बेकेल’. शेतकऱ्याच्या वाट्याला निम्मं पीक आणि वर वेठ. एकोणिसाव्या शतकात युरोपीय साखर कारखानदारांनी या जहागिऱ्याच भाडेपट्ट्यानं घेतल्या. जमिनीबरोबर तिच्यावर राबणारी माणसंही पट्ट्यात आली. अर्ध्या रानात ऊस, अर्ध्यात भात आणि पुढच्या हंगामात उलट, ही अदलाबदल बांतुलच्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून येते.

1914 नंतर जहागिऱ्या मोडल्या, बेकेल गेले आणि ‘कलुराहान’ नावाचं गाव हे कारभाराचं एकक झालं. सुधारणेच्या दृष्टीनं हे मोठंच पाऊल होतं. पण खरा पेच पडला तो 1918 साली. त्या वर्षीच्या राजपत्रात, मोठ्या घराण्याच्या 16 व्या आणि धाकट्याच्या 18 व्या क्रमांकाच्या फर्मानात, जाहीर झालं की ज्या भूमीवर दुसऱ्या कोणाचा ‘आयगेनडोम’ म्हणजे युरोपीय कायद्याप्रमाणे मालकीहक्क सिद्ध होत नाही, ती सगळी राजवाड्याची. आता आयगेनडोमचा कागद खेड्यातल्या शेतकऱ्याकडे कुठून असणार? डच सरकारनं 1870 मध्ये आपल्या ताब्यातल्या जावात हाच डाव टाकला होता: सिद्ध करा, नाहीतर जमीन सरकारची. फर्मानानं फक्त सरकारच्या जागी राजवाडा बसवला. सिद्ध करण्याचा भार दोन्हीकडे कसणाऱ्यावरच.

हक्कांची उतरंडही याच फर्मानानं लावली. सगळ्यात वर राजवाड्याची मालकी, ‘अंदार्बे’. तज्ज्ञ या शब्दाचं मूळ आपल्या ‘द्रव्य’ शब्दात दाखवतात. तळाशी शेतकऱ्याचा पिढीजात वापराचा हक्क, ‘आंगांगो’, मूळ अर्थ वापरणं, अंगावर घालणं. आणि मधे गाव. गावाला मिळाला ‘आंगाडुह’.

सगळी गुंतागुंत या एका शब्दात आहे. जावाच्या खेड्यात ‘गाडुह’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. एकाची गाय दुसऱ्यानं सांभाळायची, चारापाणी करायचा आणि वासरं झाली की ठरल्याप्रमाणे वाटून घ्यायची, याला गाडुह म्हणतात. आपल्याकडे वाट्यानं शेळी राखायला देतात, तसंच. सांभाळणाऱ्याचा हक्क खरा असतो, त्याला कोणी उगाच हाकलत नाही, पण गाय त्याची नसते. फर्मान काढणाऱ्यांनी जमिनीसाठी नेमका हाच शब्द निवडला. गाव जमीन सांभाळतं, तिच्यावर जगतं, ती वाटून देतं. पण जमीन गावाची आहे की गाव तिचं राखणदार आहे, याचं उत्तर शब्दानंच उघडं ठेवलं. शंभर वर्षांनंतरचे वकील अजून त्याच उत्तरावर भांडतात. मला विचाराल तर ही निव्वळ संदिग्धता नव्हती. दान केल्याचा मान मिळावा आणि दानही होऊ नये, अशी ती शब्दयोजना होती.

स्वातंत्र्याच्या धामधुमीत, 1946 नंतर, लहान गावं एकत्र करून मोठी कलुराहान केली गेली. आज प्रांतात 392 आहेत. 1954 मध्ये तिथल्या निवडून आलेल्या सभेनं जमिनीचा कायदा केला. शेतकऱ्याचा पिढीजात वापर हा पिढीजात मालकीहक्क झाला. एवढंच नाही, गावालाही कायदेशीर व्यक्ती मानून त्याच्या ताब्यातल्या जमिनीवर मालकी दिली. गायीची उपमा पुढे न्यायची तर सांभाळणाऱ्याच्या हातात दावं कायमचं आलं. गावकऱ्यांची आजची समज बहुतांशी याच कायद्यातून आलेली आहे.

मग 24 सप्टेंबर 1960 चा राष्ट्रीय जमीन कायदा. त्यानं 1870 ची सरकारी मालकीची घोषणा रद्द केली आणि जुन्या संस्थानांच्या जमिनी राष्ट्राकडे गेल्याचं म्हटलं. त्याच कलमात पुढे असंही होतं की याची अंमलबजावणी स्वतंत्र सरकारी नियमानं होईल. योग्यकर्त्यासाठी तो नियम निघालाच नाही. त्यामुळे एक बाजू म्हणते, संस्थानी मालकी 1960 लाच संपली. दुसरी म्हणते, नियम नाही तर हस्तांतरही नाही. 1984 मध्ये राष्ट्रपतींच्या आदेशानं हा कायदा प्रांतात पूर्णपणे लागू झाला, तरी राजघराण्याच्या जमिनीचा प्रश्न तिथेच राहिला. मधल्या काळात आणखी एक गाठ पडली: 1975 च्या प्रांतीय सूचनेनं ‘मूळनिवासी नसलेल्या’ नागरिकांना, व्यवहारात चिनी वंशाच्या लोकांना, मालकीहक्क द्यायचा नाही असं ठरलं आणि राष्ट्रीय कायद्याशी न जुळणारी ही सूचना दशकानुदशकं पाळली गेली.

वर हे वाद चालू असताना खाली शेतं बारीक होत होती. वारशाची जुनी रीत ‘सेपिकुल सेगेंदोंगान’: पुरुष खांद्यावरच्या कावडीनं दोन ओझी नेतो, बाई पाठीवर एक, म्हणून मुलाला दोन वाटे, मुलीला एक. बरीच घरं समान वाटे करतात. दोन्ही रीतींत तिसऱ्या पिढीला हाती येतो तो रुमालाएवढा तुकडा. अर्ध्या हेक्टरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वा एकरापेक्षा, कमी जमीनवाल्याला सरकारी भाषेतही ‘गुरेम’ शेतकरी म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरचा बारीक किडा. सत्तरच्या दशकात नव्या भातबियाण्याबरोबर विळा आला. एकेक लोंबी खुडायचं बोटभर पातं, ‘आनी-आनी’, मागे पडलं. उभं पीक व्यापाऱ्याला विकायची ‘तेबासान’ पद्धत पसरली. पूर्वी कापणीला गावातली कोणीही बाई यायची आणि वाटा घेऊन जायची. व्यापारी मात्र आपलीच टोळी आणायचा. देश 1984 मध्ये तांदळात स्वयंपूर्ण झाला. त्या आनंदात भूमिहीन बायकांचा हा वाटा बुडाला, याची नोंद कोणत्या सरकारी पाटीवर नाही. अशा घरांना उरला तो ‘पेकारांगान’: घराभोवतीची नारळ, केळी, मोरिंगा, म्हणजे आपला शेवगा, आणि चार कोंबड्या.

2012 चा प्रांताच्या विशेष दर्जाचा कायदा आला तेव्हा चर्चा झाली ती राज्यपालपदाची. निवडणूक नाही, गादीवरचा सुलतान हाच राज्यपाल. गावांवर खोल परिणाम करणारी कलमं मात्र जमिनीची होती. दोन्ही राजघराण्यांना मालकीहक्क धारण करू शकणाऱ्या कायदेशीर व्यक्ती ठरवलं गेलं. त्यांची जमीन दोन प्रकारची: राजवाडा, मशिदी, दफनभूमी अशी ‘केप्राबोन’ आणि बाकी सगळी. या ‘बाकी सगळी’मध्ये गावच्या जमिनी ओढल्या गेल्या. पुढच्या प्रांतीय नियमांनी गावच्या जमिनीचा पाया पुन्हा आंगाडुह धरला आणि प्रमाणपत्रं राजघराण्याच्या मालकीवरचा वापरहक्क अशी बदलायला सुरुवात झाली. म्हणजे 1954 ला सोडलेलं दावं परत हातात घेतलं. कास देसाची जमीन भाड्यानं द्यायची तरी राजवाड्याची परवानगी लागते.

समर्थकांचा मुद्दा पोकळ नाही. शहरालगतच्या स्लेमानमध्ये कास देसाच्या जमिनीवर भाडेपट्ट्याच्या आडून घरं बांधून विकली गेली, 2023 मध्ये प्रकरण न्यायालयात गेलं आणि गावचा प्रमुखही दोषी ठरला. वर कोणी पाहणारा नसेल तर गावपुढारी जमीन खातात, हे त्यातून दिसलं. पण पाहणाऱ्याचेच हितसंबंध असतील तर? कुलोन प्रोगोच्या किनाऱ्यावर नवा विमानतळ झाला, 2020 मध्ये पूर्णपणे सुरू झाला. तिथल्या वाळूत घाम गाळून मिरची-कलिंगडं पिकवणारे शेतकरी होते. त्यातल्या धाकट्या घराण्याच्या जमिनीची भरपाई घराण्याला गेली.

खाजगी जमिनीवाल्यांनाही फार निश्चिंत राहता येत नाही. अनेकांचा आधार म्हणजे गावच्या ‘लेटर सी’ नावाच्या चोपडीतली नोंद, मुळात करासाठी ठेवलेली. आपण सातबाऱ्याला मालकीचा कागद समजतो तशीच तिथली समजूत. 2 फेब्रुवारी 2021 च्या सरकारी नियमानं असे जुने पुरावे पाच वर्षांत नोंदवून घ्यायला सांगितलं. ती मुदत फेब्रुवारी 2026 पर्यंतची. त्या नियमाप्रमाणे त्यानंतर ते पुरावा म्हणून चालत नाहीत, फक्त जमीन ओळखायला उपयोगी.

27 मे 2006 च्या पहाटे भूकंपानं बांतुल आणि आसपास पाच हजारांवर माणसं मारली. जुनी विटांची घरं एका मिनिटात गेली. बहुतेकांनी आपापल्या जागेवर, एकमेकांच्या मदतीनं, पुन्हा बांधली. न्गेलेपेन या वस्तीखालची मातीच खचली होती, म्हणून तिथल्या कुटुंबांना थोड्या अंतरावर परदेशी मदतीतून पांढरी घुमटाकार घरं मिळाली. सत्तरेक घुमट, आता पर्यटक फोटो काढायला येतात. ती उभी आहेत कास देसाच्या जमिनीवर. आत राहणारी माणसं भिंती रंगवतात, अंगणात मिरच्या लावतात, पाहुण्यांना खोल्या देतात. पण घुमटाखालच्या जमिनीचं मालकीचं प्रमाणपत्र त्यांना मिळत नाही.