अठरा नंबर, वीस नंबर

कुवेतहून सुट्टीवर आलेल्या कोकणातल्या माणसाला ‘तिकडे काय करतोस?’ असं विचारलं आणि ‘अठरा नंबरवर आहे’ असं उत्तर आलं, तर चक्रावू नका. अठरा म्हणजे खासगी कंपनीचा आकामा, म्हणजे रहिवासाचा परवाना. वीस घरकामाचा, त्यालाच ‘खादिम व्हिसा’ म्हणतात. सतरा सरकारी नोकरीचा. परदेशी माणसांच्या रहिवासाच्या नियमांतली ही कलमं, पण बोलण्यात ती जातीसारखी येतात. वीसवरून अठरावर जाणं सोपं नाही. सरकार मधूनच एखादी मुदत जाहीर करतं, तेवढ्यापुरतं दार उघडतं.

कुवेतच्या लोकसंख्येत कुवेती नागरिक साधारण एक तृतीयांश. त्यांतले नोकरदार बहुतेक सरकारी खात्यांत. दुकानं, बांधकामं आणि घरं सांभाळणारे बहुतेक बाहेरचे. हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण ‘नागरिक की बाहेरचा’ याच्या जोडीला ‘बाई की पुरुष’ हाही प्रश्न विचारला की दोनाचे चार गट होतात, आणि मग कोण काय करतं याचं चित्र बरंच बदलतं.

दोन गटांची कामं किती वेगळी, हे मोजायला समाजशास्त्रात एक सोपा निर्देशांक आहे. ओटिस डडली डंकन आणि बेव्हर्ली डंकन या अमेरिकी जोडप्याने १९५५ मध्ये त्याची कसून चिकित्सा केली, तेव्हापासून तो रूढ झाला. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० नागरिक बायकांपैकी ६० कचेरीत, ३० शाळेत, १० दवाखान्यात, घरकामात एकही नाही. १०० स्थलांतरित बायकांपैकी कचेरीत १०, शाळेत ५, दवाखान्यात १५ आणि घरकामात ७०. प्रत्येक कामातला फरक काढायचा: ५०, २५, ५, ७०. बेरीज १५०, तिची निम्मी ७५. म्हणजे दोन्ही गटांची वाटणी सारखी व्हायला एका गटातल्या शंभरातल्या ७५ जणींना काम बदलावं लागेल.

गणित चौथीचं आहे. गोम आहे ती रकाने पाडण्यात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात पाचवा मोठा गट ‘सेवा आणि विक्री’चा. त्यात पोलीस येतो, केस कापणारा येतो, हॉटेलातला आचारी येतो आणि मुलं सांभाळणारी बाईही येते. गणवेशातला कुवेती पोलीस आणि भाजीला फोडणी देणारा परदेशी आचारी एकाच रकान्यात बसले की फरक कागदावर विरघळतो. घरातली साफसफाई मात्र नवव्या गटात. आणि जी एकटी बाई झाडूही मारते, स्वयंपाकही करते आणि बाळालाही झोपवते, तिला कुठे घालायचं?

दुसरी गोष्ट मला जास्त रंजक वाटते. जगात चार घरकामगारांपैकी तीन बायका असतात. अरब देशांत उलट आहे, तिथे पुरुष जास्त. ड्रायव्हर, खानसामा, माळी, रखवालदार हे सगळे घरकामगारच. कुवेतमधल्या भारतीय घरकामगारांतही पुरुषांचाच भरणा. बायका अधिक करून फिलिपिन्स, श्रीलंका अशा देशांतल्या. याचं एक कारण कुवेतमध्ये नाही, आपल्याकडेच आहे. दहावी न झालेल्या, तिशीच्या आतल्या बाईला आखातात कामाला जायची परवानगी भारत सरकार देत नाही. मध्यंतरी तर बाई कामाला ठेवणाऱ्या मालकाकडून २,५०० डॉलरची हमी मागितली जायची. त्यावर कुवेतने भारतीय बायकांना घरकामाचे व्हिसा देणंच थांबवलं, आणि २०१७ मध्ये भारताने ती हमीची अट कुवेतपुरती मागे घेतली. हेतू संरक्षणाचा होता, हे मान्य. पण ‘भारतीय म्हणजे ड्रायव्हर’ हे समीकरण आवडीनिवडीतून आलेलं नाही, त्याला आपल्या सरकारच्या शिक्क्याचाही हातभार आहे. नर्सना वयाची ही अट नाही, आणि केरळच्या मुली दवाखान्याच्या रकान्यात ठळक दिसतात.

नागरिकांच्या बाजूलाही एक मेख आहे. सरकारी नोकरीतल्या कुवेतींमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. मात्र सैन्यातले लोक या नागरी आकड्यांत सहसा नसतात, आणि ते बहुतांशी पुरुषच.

आता कुवेतमधली एखादी सकाळ डोळ्यांपुढे आणा. शिक्षिका शाळेला निघते. गाडी चालवणारा वीस नंबरचा, मागे बाळाला दूध पाजणारी वीस नंबरची. ती दोघं नसती तर शिक्षिकेची नोकरी बहुधा इतकी सुरळीत चालली नसती. पण तिथल्या कामगारांच्या अनेक सरकारी तक्त्यांवर ‘घरकामगार वगळून’ असं लिहिलेलं असतं, त्यांची मोजणी वेगळी होते. मघाचंच उदाहरण पुन्हा काढू. घरकामातल्या ७० जणी पुसल्या, तर ३० स्थलांतरित बायका उरतात: कचेरीत एक तृतीयांश, शाळेत एक षष्ठांश, दवाखान्यात निम्म्या. पुन्हा फरक काढा, बेरीज करा, निम्मी करा. उत्तर येतं ४०. कुणाचंही काम बदललेलं नाही.