कॉन्फरन्सची ताकद (अमेरिकी महिला कॉलेज बास्केटबॉल)

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये कॉन्फरन्स म्हणजे परिषद नव्हे, तर दरवर्षी आपसांत साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या पहिल्या श्रेणीत असे तीसेक गट आहेत. रणजी स्पर्धेतल्या एलिट आणि प्लेट गटांसारखी त्यांच्यात बढती-घसरण नसते. कोण कुठल्या गटात, हे भूगोल, परंपरा आणि अलीकडे मुख्यतः अमेरिकी फुटबॉलच्या टीव्ही हक्कांचा पैसा ठरवतो. साहजिकच गटांच्या ताकदीत मोठी तफावत असते आणि ‘कोणाचा गट भारी’ हा वाद दर मोसमात नव्याने पेटतो.

वाद नुसता फुशारकीचा नाही. एनसीएएची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासून होते. २०२५ मध्ये तिच्यातल्या ६८ जागांपैकी ३१ गटविजेत्यांना थेट मिळाल्या, उरलेल्या ३७ निवड समितीने भरल्या. समिती संघ पाहते, गट पाहत नाही, असा नियम आहे. पण संघाचे निम्म्याहून अधिक सामने त्याच्या गटानेच ठरवून दिलेले असतात. पहिल्या १६ मानांकित संघांना सुरुवातीच्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळतात, त्यामुळे मानांकनातली एक पायरीही महाग पडते. शिवाय २०२५ पासून महिला संघ जितका पुढे जाईल तितका पैसा त्याच्या कॉन्फरन्सला मिळू लागला.

मोजमापाची खरी अडचण साध्या अंकगणितात आहे. दहा संघांचा गट, प्रत्येकाचे आपसांत १८ सामने: एकूण ९० विजय आणि ९० पराभव. गट दुबळा असो की बलाढ्य, हा आकडा हलत नाही. म्हणजे ताकद कळते ती गटाबाहेरच्या सामन्यांतून, आणि ते बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकलेले असतात. जानेवारीनंतर दार बंद. तोवर गटाने नाव कमावले असेल तर आत कोणीही जिंको, विजय ‘तगड्या संघावरचा’ ठरतो आणि पराभवही फारसा बोचत नाही. संघांची क्रमवारी लावणाऱ्या जुन्या आरपीआय सूत्रात प्रतिस्पर्ध्यांच्या कामगिरीला निम्मे वजन होते, त्यामुळे हा फुगवटा जास्तच जाणवे. २०२०-२१ पासून महिलांसाठी नेट ही क्रमवारी आली. ती सामना कुठे झाला आणि संघ चेंडूच्या दर ताब्यामागे किती गुण मिळवतो व देतो, हेही धरते. दार मात्र अजून जानेवारीतच बंद होते.

सरासरीने गट मोजावा की शिखराने, हा दुसरा तिढा. कनेक्टिकट, म्हणजे यूकॉन, २०१३ ते २०२० अमेरिकन अॅथलेटिक कॉन्फरन्समध्ये होते. त्या सात मोसमांत ते गटातला एकही सामना हरले नाही: साखळी आणि गटाची बाद फेरी धरून १३९-०. अशा गटाला बलवान कोण म्हणणार? पण २०१४, २०१५ आणि २०१६ ची राष्ट्रीय विजेतेपदे याच गटाच्या खात्यावर आहेत. आतल्या सामन्यांत कस लागणार नाही हे ओळखून यूकॉन गटाबाहेरचे प्रतिस्पर्धी मुद्दाम तगडे निवडत असे. सलग १११ विजयांची त्यांची मालिका अखेर २०१७ च्या उपांत्य सामन्यात एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स) गटातल्या मिसिसिपी स्टेटने जादा वेळेत ६६-६४ अशी तोडली.

२०२५ मध्ये तिढा आणखी उघड झाला. बिग टेन या १८ संघांच्या गटातून तब्बल १२ संघ राष्ट्रीय स्पर्धेत आले, एसईसीतून १०, बिग ईस्ट या गटातून फक्त दोन. शेवटच्या चौघांत बिग टेनचा एकच संघ उरला, यूसीएलए. एसईसीचे दोन होते, साउथ कॅरोलिना आणि टेक्सस. विजेतेपद मात्र बिग ईस्टमध्ये परतलेल्या यूकॉनने साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असे हरवून नेले. त्याआधी पात्रता सामन्यात आयव्ही लीग गटातल्या कोलंबियाने बिग टेनच्या वॉशिंग्टनला घरी पाठवले होते. बाराव्या संघापर्यंत पोचलेला दर्जा म्हणजे ताकद की नुसती गर्दी, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. प्रस्तुत लेखकाचा कल गर्दीकडे आहे.

वर्षागणिक तुलना तर आणखी निसरडी. २०२१ चा अंतिम सामना पॅक-१२ या एकाच गटाच्या दोन संघांत झाला आणि स्टॅनफर्डने अॅरिझोनाला ५४-५३ ने हरवले. तीन वर्षांत तो गट फुटला, दहा विद्यापीठे बाहेर पडली. पॅसिफिक महासागरापासून तासाभराहून कमी अंतरावर असलेले स्टॅनफर्ड आता अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळते.