अमेरिकन चित्रपटसृष्टीतील १९३९ हे वर्ष

हॉलिवूडच्या इतिहासातील सर्वांत समृद्ध वर्ष म्हणून १९३९ चा उल्लेख होतो. ‘गॉन विथ द विंड’, ‘द विझर्ड ऑफ ऑझ’, ‘स्टेजकोच’, ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’, ‘निनोच्का’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ हे चित्रपट त्या एकाच वर्षी पडद्यावर आले आणि हे सहाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेल्या दहांमध्ये होते. मात्र या वर्षाची कीर्ती बरीचशी पुढच्या पिढ्यांनी घडवलेली आहे. तिकीटखिडकीवरचा तत्कालीन हिशेब तिच्याशी सर्वत्र जुळत नाही.

या सुगीमागे स्टुडिओ-पद्धती होती. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स आणि आरकेओ या पाच कंपन्यांच्या हाती निर्मिती, वितरण आणि मोठ्या शहरांतील महत्त्वाची चित्रपटगृहे असे तिन्ही व्यवहार होते, आणि नट, दिग्दर्शक, लेखक व तंत्रज्ञ त्यांच्याकडे दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधलेले असत. स्वतंत्र चित्रपटगृहाच्या मालकाला एखादा गाजणारा चित्रपट हवा असेल, तर त्याबरोबर अनेक सामान्य चित्रपटही, बहुधा न पाहताच, घ्यावे लागत. या मक्तेदारीविरुद्ध अमेरिकन सरकारने १९३८ मध्ये खटला भरला होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९४८ मध्ये लागला.

‘द विझर्ड ऑफ ऑझ’वर एमजीएमने २७ लाख डॉलरहून अधिक खर्च केला. पहिल्या प्रदर्शनातील उत्पन्न या आकड्याच्या जवळपासच राहिले आणि वितरण व जाहिरातीचा खर्च धरता चित्रपट तोट्यात गेला. १९४९ च्या पुनर्प्रदर्शनाने तो नफ्यात आला आणि १९५६ पासून दूरचित्रवाणीने त्याला घराघरांत नेले.

आरकेओचा खर्चिक ‘गंगा दिन’ भारतीयांच्या चित्रणामुळे वादग्रस्त ठरला. मुंबईत ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी त्यावर कडाडून टीका केली आणि मुंबई व बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली. सप्टेंबरमध्ये युरोपात युद्ध सुरू झाल्यावर हॉलिवूडची परदेशी बाजारपेठ आणखी आक्रसली.

डेव्हिड ओ. सेल्झनिक यांची निर्मिती असलेला ‘गॉन विथ द विंड’ १५ डिसेंबरला अटलांटा येथे प्रथम दाखवला गेला. जवळजवळ चार तासांचा हा चित्रपट सुरुवातीला निवडक चित्रपटगृहांत, चढ्या दरांत दाखवण्यात आला. नेहमीच्या दरांतील प्रदर्शन १९४१ मध्ये सुरू झाले. त्यामुळे त्याची बहुतेक कमाई पुढील वर्षांतली आहे, आणि ती १९३९ च्या खात्यावर मांडताना हे भान ठेवावे लागते. महागाईचा विचार केल्यास तो आजही सर्वाधिक कमाईचा चित्रपट मानला जातो.

गुलामगिरीच्या काळातील दक्षिणेचे त्यातील गोडवे गाणारे चित्रण आज आक्षेपार्ह वाटते, आणि ते योग्यच आहे. त्यातील भूमिकेसाठी हॅटी मॅकडॅनियल ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या. तरीही वंशभेदाच्या कायद्यांमुळे अटलांटातील समारंभाला त्या जाऊ शकल्या नाहीत, आणि २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसमधील पुरस्कार सोहळ्यात त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवण्यात आले.